गाडी पाण्यात का उभी आहे?

चित्रकलेशी माझा संबंध आठवीत संपला. तोपर्यंत मी आयुष्यात एकच चित्र काढत आलो होतो, आणि माझी खात्री आहे की तुम्हीही तेच काढलेलं आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरांच्या फटीतून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आलेली नदी, नदीकाठी कौलारू झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यांचा थवा. याला ‘निसर्गचित्र’ म्हणत. आमच्या माण तालुक्यात नारळ दिसे तो फक्त देवापुढे फुटताना, आणि नदी वाहिलीच तर पावसाळ्यात चार दिवस वाही. पण निसर्गचित्र म्हटलं की नदी-नारळ हवेच. त्यांच्याशिवाय निसर्ग पास होत नसे.

आठवीत मात्र माझ्या हातून सूर्य डोंगराच्या अलीकडे आला. ड्रॉइंगच्या सरांनी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, “याचं गाव सकाळी आठ वाजेपर्यंत जळून जाईल.” त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपण कॉमर्सला जायचं.

पुढे मी रीतसर बी.कॉम. झालो, रीतसर बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्या जगाकडे सहीपुरतं पाहत आलो. अशा माणसाच्या घरात एखादं चित्र शिरावं, आणि तेही साहेबाच्या देशातलं, याला कारण घडलं आमच्या शाखेचं नूतनीकरण.

नूतनीकरण म्हणजे जुन्या खुर्च्या काढून त्यांच्याहून कमी टिकणाऱ्या खुर्च्या आणणं. या कामात मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधलं एक चित्र निघालं. ते कुणी लावलं, कधी लावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. चार मॅनेजर त्याच्याखाली बसून निवृत्त झाले, पण मान वर करून ते पाहिल्याचा पुरावा कुणी मागे ठेवला नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र त्याची नोंद सापडली: ‘चित्र (घर, पाणी, गाडी), काचेसह, नग एक. किंमत रुपया एक.’ माझ्या मते जगातलं हे सर्वांत संक्षिप्त रसग्रहण असावं.

आता नग म्हटला की त्याची विल्हेवाट आली, विल्हेवाट म्हटली की समिती आली आणि समिती म्हटली की लिलाव आला. मी पन्नास रुपये बोललो. लिलावाची अब्रू राखावी म्हणून हेडकॅशियर एक्कावन्न बोलले आणि बोलल्याबरोबर घाबरले. त्यांना वाचवण्यासाठी मी साठ बोललो. व्हाउचर झालं, त्यावर तीन सह्या झाल्या, आणि साठ रुपयांचा माल मी ऐंशी रुपयांच्या रिक्षातून धनकवडीच्या घरी आणला.

त्या चित्राचं घरातलं पहिलं रसग्रहण आमच्या सौ.नी केलं. दार उघडल्यावर ती आधी चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन टेप घेऊन आली. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर वरच्या बाथरूमच्या कृपेने एक ओलीचा डाग आहे. तो भरला सव्वीस इंच. चित्र भरलं तीस इंच. “अहो, बरोबर बसतंय की!” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर प्रथमच कलेचा आनंद पाहिला.

चित्र लागलं. मी समोर खुर्ची टाकून रसिकासारखा बसलो. डावीकडे लाल छपराचं घर, मधे उथळ नदी, नदीच्या पाण्यात उभी एक रिकामी गाडी, तिला घोडे जुंपलेले, गाडीत दोन माणसं, काठावर एक कुत्रं, उजवीकडे लांबवर कुरण, आणि वर ढगांनी भरलेलं मोठंच्या मोठं आकाश. सुंदर होतं. पण ‘सुंदर आहे’ यापुढचं दुसरं वाक्य काही सुचेना. शेवटी वीस वर्षांच्या सवयीने मी सही शोधू लागलो. सही सापडल्याशिवाय मी साधा चेकसुद्धा पास करत नाही, चित्र कुठलं करणार?

सही शोधून दिली मुलीने. ती नववीत आहे आणि एलिमेंटरी परीक्षा पास झालेली आहे, म्हणजे चित्रकलेत ती माझ्यापेक्षा वरच्या ग्रेडवर आहे. तिने मोबाइलवर तेच चित्र काढलं आणि बोटांनी ताणून मोठं केलं. खाली कोपऱ्यात सही होती. “जॉन कॉन्स्टेबल,” तिने वाचलं.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आप्पांचा आवाज आला, “हवालदारानं काढलंय व्हय?”

आप्पा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले. ‘आले’ हे क्रियापद तितकंसं बरोबर नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्यांची बदली झाली, आणि तीही विनंतीवरून नव्हे. आई गेली, पाठोपाठ बैलजोडी विकली, शेत चुलतभावाला वाट्याने दिलं, घराला कुलूप लावलं आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आप्पांना तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. मी ‘ठेवलं’ म्हणतो याचं कारण आप्पा खरोखरच ठेवल्यासारखे राहत. सकाळी खुर्चीत बसत ते रात्री उठत. तक्रार नाही, मागणी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अभिमानाने सांगे, “आप्पा इथं अगदी रमलेत.” एखादं खातं दोन वर्षं हललं नाही की आम्ही त्याला ‘इनऑपरेटिव्ह’ म्हणतो. वडील हलले नाहीत की त्याला आम्ही ‘रमले’ म्हणतो.

मुलीने पुढे वाचून दाखवलं. चित्राचं नाव ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. मूळ चित्र सहा फूट रुंद आहे आणि 1886 पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जागा इंग्लंडच्या पूर्वेकडची, सफक परगण्यातली. नदीचं नाव स्टाऊर. चित्रकाराचा बाप तिथला गिरणीवाला. पिठाची गिरणी, धान्याचा व्यापार, सगळं भरभक्कम. मुलगा मात्र चित्रं काढायला लंडनला गेला. 1821 साली त्याने हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं तेव्हा ते विकलंच गेलं नाही. पुढे एका व्यापाऱ्याने ते फ्रान्सला नेलं, तर 1824 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला राजाचं सुवर्णपदक मिळालं.

“पिकतं तिथं इकत न्हाई,” आप्पा म्हणाले. सफकच्या बाबतीतलं हे निदान मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

मी मात्र सहीतच अडकलो होतो. सहीत नाव होतं, साल होतं, आणि मधे ‘लंडन’ होतं. खेड्याचं चित्र आणि ठिकाण लंडन! आमच्याकडे असा कागद आला असता तर मी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण व्यवहार खरा होता. चित्रकाराने गावात बसून रेखाटनं केली होती, मोठं चित्र मात्र लंडनच्या स्टुडिओत रंगवलं. तिथे बसून गाडी नेमकी कशी होती तेच नीट जमेना, तेव्हा भावाकरवी गावाकडून गाडीची रेखाटनं मागवून घेतली. तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस. म्हणजे बरोबर माझ्या वयाचा, बरोबर माझ्यासारखा शहरात बसलेला, आणि गावाकडची गाडी कशी दिसते ते भावाला विचारणारा. फरक इतकाच की त्याने चित्र काढलं. मी काय केलं होतं ते आता सांगायलाच हवं.

आमची बैलगाडी गावाकडे अंगणात लिंबाखाली उभी होती. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला दाराशी उभी करायला जुनी गाडी हवी होती. चाकांना दिव्यांच्या माळा सोडायच्या, गिऱ्हाइकांनी तिच्यात बसून फोटो काढायचे, आत जाऊन पावभाजी खायची, अशी एकंदर योजना. अठरा हजारांना सौदा ठरला आणि पाच हजार आगाऊ आले. ते पाकिटात घालून मी कपाटात ठेवले होते. आप्पांना सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज मुद्दाम राहून जाणाऱ्या गोष्टीला दुसरा शब्द आहे, पण तो कॉमर्सच्या अभ्यासक्रमात नव्हता.

असो. चित्र घरात आलंच आहे तर ते कुणा जाणकाराकडून समजून घ्यावं असं मला वाटलं. आमच्या शाखेत पेन्शनचं खातं असलेले एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येतात आणि मशीन बंद असलं तरी चिडत नाहीत, यावरूनच त्यांची सौंदर्यदृष्टी लक्षात यावी. त्यांना एका रविवारी चहाला बोलावलं. पोहे झाले, चहा झाला, आणि सर चित्रासमोर उभे राहिले.

सर बोलू लागले आणि मी धन्य होऊ लागलो. त्यांनी रचना सांगितली. घराचा काळोखा भार डावीकडे, कुरणाचा उजेड उजवीकडे, आणि मधे गाडी म्हणजे तराजूचा काटा. घोड्यांच्या साजातला तांबडा रंग दाखवला. एवढ्या हिरव्यात तो जरासाच तांबडा ठेवला म्हणून सगळा हिरवा जिवंत झाला, म्हणाले. ढग दाखवले. हे ढग शोभेचे नाहीत, यातला पाऊस कुठे पडेल तेसुद्धा सांगता येईल, असं म्हणाले. मग कुत्र्याच्या आसपास बोट नेऊन त्यांनी एक गंमत सांगितली. चित्रकाराने तिथे काठावर आधी घोडा आणि स्वार काढला होता. तो पटेना म्हणून त्या जागी पिंप काढलं. तेही पटेना म्हणून रंगवून टाकलं. पण मूळ चित्रात त्या खाडाखोडीची पुसट सावली वरच्या रंगातून दिसते.

“खाडाखोड, आणि खाली इनिशिअल नाही?” मी म्हटलं. सर सभ्य माणूस. ते हसले.

शेवटी दोन पावलं मागे सरून त्यांनी डोळे किलकिले केले आणि म्हणाले, “आणि या सगळ्यावर पसरलेली ती संध्याकाळची शांतता बघा. केवढं शांत गाव! काही घडत नाही. सगळं कसं थांबलेलं आहे.”

मीही दोन पावलं मागे सरलो, डोळे किलकिले केले आणि शांत झालो.

“संध्याकाळ न्हाई ती,” आरामखुर्चीतून आवाज आला.

सर वळले. दोन वर्षांत आप्पांनी पाहुण्यांच्या गप्पांत कधी तोंड घातलं नव्हतं. आता ते उठले. काठी टेकत चित्रापाशी आले आणि माझ्या चष्म्याकडे हात केला. मी मुकाट्याने काढून दिला.

“चुलीचा धूर निघालाय,” धुराड्याकडे बोट करून ते म्हणाले. “भाकरीची येळ हाय. आन् गडी अजून घराकडं फिरलं न्हाईत. गाडी रिकामी चाललीया. मधान्ह हाय ह्यो. बारा, फार तर साडेबारा.”

मुलगी मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. ती एकदम ओरडली, “बाबा, त्यानं प्रदर्शनात दिलेलं नाव गवताची गाडी नव्हतंच! ‘निसर्गदृश्य : दुपारचे बारा’ असं होतं!”

सरांनी आप्पांना खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत.

“आन् शांत कुटनं?” ते म्हणाले. “ही बाई बगा, पाण्यावर वाकलीया. धुनं आसंल न्हाईतर पानी भरत आसंल. ह्यो एक तितं गवतात नाव घिऊन मासं धरतूया. ही पांढरी ठिपकी दिसत्यात न्हवं कुरनात? मानसं हायती ती. गवत कापत्यात. तितं दुसरी गाडी भरलीया, आन् ही रिकामी तिकडंच चाललीया, भराय. कुत्रंसुदीक कामावर हाय. समदं गाव राबतंय, सर. तुमी बसून बगताय म्हणून तुमास्नी शांत वाटतंय.”

खोलीत मात्र यावर खरोखरची शांतता पसरली. सौ. पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबली होती. गेल्या कित्येक दिवसांत आमच्या घरात इतकी माणसं एकदम कामाशिवाय उभी राहिली नसतील.

मला मात्र एक शंका होती. ती मला पहिल्या दिवसापासून होती, पण विचारायचा धीर होत नव्हता. रसिकांच्या सभेत साधी शंका विचारणं म्हणजे मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये पगारवाढीबद्दल विचारण्यासारखं. तरी विचारलं. “पण गाडी पाण्यात का उभी आहे?”

सर म्हणाले, नदी उथळ आहे, गाडी उतारावरून पलीकडे जाते आहे. शिवाय पाण्यातलं प्रतिबिंब रचनेला आवश्यक आहे. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आठवीतल्या ड्रॉइंगच्या सरांची आठवण झाली.

“आरं, शेतकऱ्याचं पोर न्हवं तू? उन्हाळ्याचं दीस हायती. ऊन लागलं की चाकाचं लाकूड आटतं. लाकूड आटलं की धाव ढिली व्हती. आरं हलाय लागत्यात, आन् येक दिवस चालता चालता धाव निसटून गडगडत जाती. म्हणून गाडी पान्यात घालायची. लाकूड पानी पितं, फुगतं, आन् धाव पुन्यांदा गच्च बसती. जाता जाता जनावराचं पायबी गार व्हत्यात. ह्या गाडीवाल्याला अक्कल हाय.”

मुलगी शोधतच होती. चित्रावर लिहिणाऱ्या कितीतरी जाणकारांनी गाडी पाण्यात असण्याचं हेही एक कारण दिलेलं निघालं: लाकडी चाकं फुगून लोखंडी धावेत घट्ट बसावीत. सफकची धाव आणि माणची धाव एकाच कायद्याने ढिली होत होती. जे समजायला तिकडच्या पंडितांनी कागद काळे केले, ते आमच्या आरामखुर्चीत दोन वर्षं फुकट बसलेलं होतं.

मग आप्पा बोलतच राहिले. बाभळीचं लाकूड कसं निवडायचं, धाव शेणकुटांच्या आरात लाल करून चाकावर कशी चढवायची, सुतार आणि लोहार दोघंही हजर हवेत, पाणी मारायला उशीर झाला तर चाक कसं पेटतं. आपली गाडी आजोबांनी कशी करून घेतली, तिच्यातून आई पहिल्यांदा घरी कशी आली, कडब्याच्या किती खेपा झाल्या. चहा दोनदा झाला. सरांनी खिशातून वही काढून चाकाचं चित्र काढलं आणि आप्पांनी ते दोनदा दुरुस्त केलं.

मी मात्र कपाटातल्या पाकिटाच्या दिशेला पाठ करून बसलो होतो.

बोलता बोलता आप्पा थांबले. परत चित्राकडे बघत म्हणाले, “आपल्या गाडीला दोन वर्सं कुणी पानी दावलं न्हाई. एव्हाना धाव सुटली आसंल.” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

विषय बदलावा म्हणून मुलीने चित्रातल्या घराची माहिती वाचायला घेतली. घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं. 1761 चा जन्म, 1849 साली वारला. ऐंशीहून जास्त वर्षं तो त्याच घरात राहिला, आणि सांगतात की सबंध आयुष्यात फक्त चार रात्री तो त्या घराबाहेर झोपला.

आप्पा बराच वेळ त्या लाल छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चार रातीला कुटं गेला आसंल?”

आम्ही कुणीच काही बोललो नाही. त्यांनीच उत्तर दिलं. “लेकाकडं गेला आसंल.”

मी कॉमर्सचा माणूस. हिशेब नको म्हटलं तरी होतो. दोन वर्षं म्हणजे सातशेच्या वर रात्री. तीनशेपासष्ट गुणिले दोन करताना माझं डोकं इतकं जड कधी झालं नव्हतं.

त्या रात्री मी पाकीट बाहेर काढलं आणि आप्पांना सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तीन-चार वाक्यं तयार ठेवली होती. एकही वापरावं लागलं नाही. त्यांनी नोटा मोजल्या, परत पाकिटात घातल्या आणि विचारलं, “किती ठरली?” मी म्हटलं, “अठरा हजार.” ते म्हणाले, “सस्तात दिलीस.” आणि कूस बदलून झोपले. बाप रागावला तर पोरगा निसटू शकतो. बाप भाव विचारून झोपला तर पोराने जावं कुठे?

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गावी गेलो. हॉटेलवाल्याला पैसे परत केले. तो व्यवहारी माणूस. त्याने सौदा मोडल्याबद्दल पाचशे जास्तीचे घेतले आणि वर पावभाजी खाऊ घातली. गाडी लिंबाखालीच होती. आप्पांचा अंदाज अर्धाच चुकला. दोन धावांपैकी एकच सुटली होती. दुसरी हाताने हलत होती. आप्पांनी चाकावर हात फिरवला. एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर फिरवावा तसा, असं मी लिहिणार होतो; पण आप्पांनी लगेच त्या चाकाला एक सणसणीत शिवी हासडली, तेव्हा ती उपमा राहू द्या.

आता प्रश्न पाण्याचा. सफकच्या गाडीवाल्याला दाराशी नदी होती. आमच्या नदीत मे महिन्यात पोरं क्रिकेट खेळत होती. मुलीने गाडीत बसल्या बसल्या आजोबांना आणखी एक बातमी वाचून दाखवली. 2022 च्या जुलैमध्ये लंडनमध्ये काही आंदोलक तरुणांनी या चित्रावर दुसरं चित्र चिकटवलं होतं. त्यात नदीच्या जागी रस्ता होता आणि आकाशात विमानं. असंच चाललं तर हे गाव असं होईल, असं त्यांना सांगायचं होतं. आप्पांनी कोरड्या नदीकडे आणि पलीकडच्या नव्या रस्त्याकडे पाहिलं. “आपल्यात चिकटवायबी लागलं न्हाई,” ते म्हणाले.

शेवटी चुलतभावाने डाळिंबाच्या हौदातलं पाणी दिलं. चाकांभोवती गोणपाटं गुंडाळली आणि सकाळ-संध्याकाळ वरून पाणी मारायचं ठरलं. पहिल्या बादल्या मी मारल्या. चौथ्या बादलीला माझी कंबर गेली. सुटलेली धाव चढवायला लोहार शोधायचा होता. तो तालुक्याला वेल्डिंग करतो असं कळलं. आप्पा म्हणाले, “लाकडाला आठ दीस पानी पाजाय लागंल. तवर मी ऱ्हातो. तू जा, तुझी रजा संपंल.”

मी निघताना त्यांना म्हटलं, “आप्पा, ते चित्र पाठवून देऊ का? इथं लावा भिंतीवर.”

“नगं,” ते म्हणाले. “मला हितं बगाय हाय की. तुलाच लागंल ते.”

ही गोष्ट मे महिन्यातली. आता दिवाळी होऊन गेली तरी आप्पांचे आठ दिवस काही पुरे झालेले नाहीत. कधी लोहार येत नाही, कधी धाव बसत नाही, कधी बसलेली धाव आप्पांच्या पसंतीला उतरत नाही. आता तर पाऊस पडून गेला, लाकूड आपोआप फुगलं असणार. पण मी तसं विचारत नाही आणि ते तसं सांगत नाहीत. चुलतभावाची बायको भाकरी देते, मी दर दुसऱ्या शनिवारी जातो, आणि रात्री अवेळी फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. एवढ्या वयाचा माणूस एकटा ठेवणं शहाणपणाचं आहे असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला सांगत नाही. ‘आप्पा कसे आहेत?’ म्हणून कुणी विचारलं की मी म्हणतो, “कामात आहेत.”

आरामखुर्ची मात्र रिकामी झाली, तेव्हा संध्याकाळी बँकेतून आल्यावर तिच्यात मी बसतो. समोर चित्र. आता ते पहिल्यासारखं शांत वाटत नाही. धुराड्याखाली चूल पेटलेली आहे, बाई पाण्यावर वाकलेली आहे, पलीकडे माणसं उन्हात गवत कापताहेत आणि मी तेवढा बसलेला आहे. कधी कधी कुत्र्यापाशी, त्या खोडलेल्या स्वाराच्या जागी माझी नजर जाते. गावाच्या चित्रात एक माणूस काढायचा होता, तो काही पटेना म्हणून वर रंग मारला. माझ्या स्वस्तातल्या प्रतीत त्याची सावली दिसत नाही. तरी मी ती रोज शोधतो.

परवा सौ. म्हणाली, “अहो, ओल फ्रेमच्या बाहेर आलीय. चित्र काढा आणि वरच्यांना एकदा सांगाच.”

चित्र थोडं सरकवून मी पाहिलं. ओल बरोबर गाडीच्या मागे, चाकांच्या उंचीवर होती.

“राहू दे आठ दिवस,” मी म्हटलं. “लाकूड पाणी पितंय.”